नत्थुजीची कमान

नत्थुजी वाढईला दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नसे, ही गोष्ट सगळ्या अचलपुराला ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती एकट्या नत्थुजीला. वऱ्हाडात सुताराला वाढई म्हणतात, आणि त्या दोन-चार वर्षांत वाढयांची पाचही बोटं तुपात होती. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला होता, आणि आमच्या काळ्या मातीतल्या पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, एकाएकी सोन्याचे दिवस आले होते. कापूस अमरावती-अकोल्याला न्यायचा तर गाडी पाहिजे, गाडी म्हटली की चाक पाहिजे, आणि चाक करावं नत्थुजीनंच. त्याचं चाक अकोल्याला जाऊन परत आलं तरी करकरत नसे.

एवढं असून माणूस सुखी नव्हता. शेजारच्या वाढयाच्या दारात दोन गाड्या जास्त उभ्या दिसल्या की ह्याच्या घशाखाली घास उतरत नसे. बायको माणिकबाई म्हणायची, "अवो, लोकायच्या गाड्या मोजता मोजता आपली भाकर कावून थंडी करता?" तो ऐकून घ्यायचा. भाकर मात्र थंडच खायचा.

अशा माणसाच्या दारात एका बाजाराच्या दिवशी तानुबाई आली.

तानुबाई कुणब्याची विधवा. परतवाड्याच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी तिचं शेत होतं आणि ती ते एकटीच वाहायची. कापसाच्या लोभानं लोकांनी डोंगराकडचं गवतरानसुद्धा नांगरून टाकलं होतं. रानडुकरांना राहायला जागा उरली नाही, मग ती शेतात उतरली. सगळ्यांनी पऱ्हाटीच पेरली, पण तानुबाईनं निम्म्या रानात ज्वारी ठेवली होती. कापूस काही चुलीवर शिजत नाही, असं तिचं म्हणणं. त्यामुळे आसपासची सगळी डुकरं तिच्याच बांधावर. पाटलाच्या घरात एक ठासणीची बंदूक होती, तीसुद्धा सत्तावनच्या बंडानंतर सरकारात जमा झाली होती.

"नत्थुभाऊ, मले एक कमान करून द्या," ती म्हणाली. "बाण मी पाहून घेईन."

नत्थुजी हसला. "कमान म्हंजे काय, वाकवलेली काडी. अर्ध्या दिवसाचं काम. घेऊन जा संध्याकायी."

त्यानं उत्तम सागवान घेतलं, रंधा मारमारून आरशासारखं गुळगुळीत केलं, मुठीला पितळी खिळे ठोकले. बाजारातली माणसं बघायला जमली. तानुबाईनं दोरी चढवली, हातभर ओढली, आणि कमान कडाडकन मधोमध मोडली. एक ढलपी उडून भोपळे विकणाऱ्या माळणीच्या टोपल्यात पडली. लोक पोट धरधरून हसले. तेव्हापासून दिसायला देखणी आणि कामाला कुचकामी वस्तू दिसली की बाजारात म्हणायला लागले, "नत्थुजीची कमान हाय रे बाप्पा!" पुढे पुढे तर बोलघेवड्या जावयालाही तेच नाव पडलं.

तानुबाई हसली नाही. तुकडे उचलून तिनं नत्थुजीच्या हातात दिले आणि म्हणाली, "तुमाले येत नाई हे तुमाले मालूम नव्हतं, भाऊ. मी दुसरीकडं पायतो." आणि चालती झाली. हे तिचं शांतपणे बोलणं नत्थुजीला लोकांच्या हसण्यापेक्षा जास्त झोंबलं.

ती गेली इनायतुल्ला कमानगराकडे. इनायतुल्लाच्या वाडवडिलांनी नवाबाच्या फौजेला कमानी पुरवल्या होत्या. फौज गेली, कमानी गेल्या, म्हातारा तेवढा उरला. हात थरथरायचे, डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे लाकूड तो अंगठ्यानं वाचायचा. मूलबाळ नव्हतं. घराच्या ओसरीवर, आढ्याला, धामणीच्या झाडाची फाडून ठेवलेली दांडकी वर्षानुवर्षं धुरात वाळत पडली होती, आणि ती घ्यायला कोणी येत नव्हतं.

तानुबाई म्हणाली, "चाचा, करून देऊ नका. मले शिकवा."

हे कानावर आलं तेव्हा नत्थुजी एका चाकाला आरे बसवत होता. बाईमाणूस कमान करायला शिकणार! आणि जमली तर? सगळा बाजार म्हणेल की वाढयाला जमलं नाही ते कुणबिणीला जमलं. त्यानं हातोडा खाली ठेवला. दारात नऊ गाड्या दुरुस्तीला खोळंबल्या होत्या, अकोल्याला जाणारे गाडीवान शिव्या घालत होते, आणि हा पठ्ठ्या डोक्याला मुंडासं बांधून इनायतुल्लाच्या ओसरीवर जाऊन बसला. "उस्ताद, मले पन शिकवा."

म्हातारा म्हणाला, "तुमाले तर सारंच येतं, मिस्त्री."

"कमान नाई येत," नत्थुजी म्हणाला. आयुष्यात असं काही कबूल करण्याची ही त्याची पहिलीच वेळ होती, आणि तीही जळफळाटापायी.

इनायतुल्लाचे नियम दोन. दोन्ही त्यानं पहिल्याच दिवशी सांगितले. "कमानीची पाठ म्हंजे बाहेरची बाजू. तिले हत्यार लावाचं नाई. साल काढली की जशी निघंल तशी, खडबडीत तर खडबडीत. तिथल्या रेषा तुटल्या की कमान तुटली. जे काय तासाचं ते पोटाच्या, म्हंजे आतल्या बाजूनं." मग एका जुन्या कमानीची मूठ खुंटीला अडकवून त्यानं दोरी खाली ओढून दाखवली. "मुठीच्या वर एक हात, खाली एक हात. दोनी सारखे वाकले पायजे. जो हात नइ झुकता, उसकोच छीलना. जो वाकते त्याच्या वाटे जाचं नाई. एकदा काढलेलं लाकूड अल्लामियाँ पन वापस नाई लावत."

तासायला त्याच्याकडे जुन्या तलवारीच्या पात्याचा वीतभर तुकडा होता. आज्यापासून आलेला. दोन्ही शिष्यांनी तोच वापरायचा, आळीपाळीनं.

नियम सोपे होते. पण नत्थुजीच्या हातात तीस वर्षांचा रंधा मुरला होता. त्यानं साल काढली, पाठीवर बोट फिरवलं, तिथले चढउतार बोटाला लागले, आणि त्याला चैन पडेना. असली ओबडधोबड वस्तू आपल्या हातून गेली तर लोक काय म्हणतील? उस्ताद वळला तसा त्यानं हळूच रंधा मारला. एकदाच. मग दुसरी बाजू उठून दिसायला लागली म्हणून तिथेही एकदा. तीन आठवड्यांनी ती कमान मोडली.

म्हाताऱ्यानं मोडका तुकडा अंगठ्यानं चाचपला. "रंधा मारला."

"नाई उस्ताद."

"लाकूड खोटं नाई बोलत, मिस्त्री."

दुसऱ्या कमानीला त्यानं पाठीला हात लावायचा नाही अशी माणिकबाईच्या गळ्याची शपथ घेतली, आणि पाळली. सगळी पाठ तशीच ठेवली. फक्त मुठीजवळ एक गाठ वर आली होती, ती सारखी डोळ्यांत सलायची. ती एवढीच त्यानं सपाट केली. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात ना, ते असं. ती कमान त्या गाठीपासूनच उभी चिरली.

आणि तिकडे तानुबाई! ती आठवड्यातून एकदा, बाजाराला आली की तासभर बसायची. तिच्या हाताला ना रंध्याची सवय, ना पटाशीची. कापूस वेचून बोटं फाटलेली. ती एकदा पातं ओढायची, थांबायची, अंगठ्यानं चाचपायची, खुंटीला अडकवून बघायची, मग पुन्हा एकदा ओढायची. नत्थुजी बघून बघून कंटाळायचा. असल्या चालीनं तर चाक व्हायला दोन पिढ्या लागतील, असं त्याला वाटायचं. पण तिची कमान मोडत नव्हती. दर आठवड्याला ती थोडी थोडी वाकत होती, आणि दर आठवड्याला नत्थुजीच्या पोटात जास्त दुखत होतं. रात्रंदिवस त्याला एकच ध्यास लागला: म्हाताऱ्यानं आपल्याला एकदा शाबास म्हणावं, आणि तिला म्हणायच्या आधी म्हणावं. इनायतुल्लाच्या तोंडून शाबास निघणं ही सोपी गोष्ट नव्हती. आपल्या सख्ख्या भावालाही त्यानं ती आयुष्यात दोनदाच दिली होती, असं गल्लीतली म्हातारी माणसं सांगत.

ज्वारी निसवली, कणसांत दूध भरू लागलं. त्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी तानुबाईनं कमान खुंटीला लावली आणि दोरी खाली ओढली. दोन्ही हात सारखे, कुठे तसूभर फरक नाही. म्हाताऱ्यानं वरून खालपर्यंत अंगठा फिरवला. तीनदा फिरवला.

"शाबास, बेटी," तो म्हणाला.

नत्थुजी पाच हातांवर बसला होता. त्याच्या मांडीवर तिसऱ्या कमानीचं लाकूड होतं. ते त्यानं बाजूला ठेवलं.

"पन चाचा, लय कडक हाय," तानुबाई म्हणाली. "माह्याच्यानं छातीपावतर येत नाई. निम्मीच येते."

"दोनी हात अजून थोडे उतरवा लागतीन. सबूर. पुढच्या बाजारी पाहू, तोवर घरी ने अन् खुंटीले लावून सवय करत राय," म्हातारा म्हणाला. तानुबाई मीठमिरची आणायला बाजारात गेली. जाताना कमान उचलीन, म्हणाली. इनायतुल्ला दुपारच्या नमाजाला मशिदीत गेला. ओसरीवर नत्थुजी, कमान आणि ते पातं, एवढीच उरली.

खरं सांगायचं तर त्यानं फार वेळ विचारही केला नाही. त्यानं कमान उचलली, आडवी मांडीवर घेतली आणि वरच्या हातावर, पोटाच्या बाजूनं, पातं चालवलं. तो हात चांगला बोटभर जास्त वाकेल इतकं लाकूड त्यानं तिथून उतरवलं. आता पुढच्या बाजारी तिनं जोर लावून ओढली की सगळा भार त्या एका जागेवर येणार आणि तिथेच मोडणार, भर बाजारात, त्याची मोडली होती तशी. मग लोक काय म्हणतात ते तोही ऐकणार होता.

पण जित्याची खोड. काम बिघडवायचं होतं, तरी त्याला वाईट काम करता येईना. पात्याचे ओरखडे राहिलेले त्याला बघवेनात. त्यानं ते घासून काढले, कडा गोल केल्या, तिळाच्या तेलाचं बोट फिरवलं. हात लावला तर रेशीम लागावं, असं झालं. मग कमान होती तशी भिंतीला टेकवून तो घरी गेला आणि त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी ऊन भाकर खाल्ली.

पुढच्या बाजाराला नत्थुजी सगळ्यांच्या आधी हजर. सागवानी कमान मोडताना जे जे हसले होते त्यांना त्यानं स्वतः बोलावून आणलं होतं. "या, या, तानुबाईची कमान पाहा." भोपळेवालीलाही बोलावलं.

तानुबाई आली. पदर कमरेला खोचला, डावा हात पुढे केला आणि दोरी ओढली. नत्थुजीनं श्वास धरला. दोरी निम्म्यावर आली, निम्म्याच्या पुढे आली, छातीपर्यंत आली. कमान वाकली ती दोन्हीकडे सारखी, गोल, कुठे करकर नाही. तिनं बाण सोडला, तो समोर उभ्या केलेल्या कडब्याच्या पेंढीत शिरून आरपार गेला. माणसं हो हो करून ओरडली.

नत्थुजीला काही कळेना.

तानुबाई वळली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "नत्थुभाऊ, तुमचे उपकार कसे फेडू? चाचा, तुमाले सांगतो, मी कमान घरी नेली अन् गोठ्यातल्या खुंटीले लावली, तं वरचा हात जास्ती वाकून राह्यला. पाह्यलं तं तिथं उतरवलेलं. इतकं साफ, इतकं साफ, की मी समजली. असा हात साऱ्या अचलपुरात एकाचाच. मले ओढवत नाई हे भाऊनं ऐकलं होतं. एक हात त्यायनं उतरवून दिला, खालचा माह्यासाठी ठेवला, मले शिकाले भेटावं म्हनून. मंग मी इळ्यानं खालचा हात हळूहळू त्याच्याबरोबर केला. चार दिवस लागले. आता पाहा कशी येते!"

इनायतुल्लानं कमान मागून घेतली. वरच्या हातावर अंगठा नेला, त्या जागी थांबला, पुन्हा फिरवला. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्यानं चाचपडत नत्थुजीचा खांदा शोधला आणि त्यावर थाप मारली.

"शाबास, नत्थुजी! मी समजत होतो तुह्या मनात जलन हाय. शाबास!"

सगळे बघत होते. भोपळेवालीसुद्धा मान डोलवत होती. ज्या एका शब्दासाठी त्यानं नऊ गाड्या, तीस वर्षांचा मान आणि ऊन भाकर पणाला लावली होती, तो शब्द चारचौघांत त्याच्या पदरात पडला होता. नत्थुजी हसला की काय केलं कोण जाणे, तोंड काहीतरी वेडंवाकडं करून घरी आला.

घरी त्याच्या आधी तानुबाईची टोपली पोचली होती, कोवळ्या ज्वारीच्या कणसांनी भरलेली. माणिकबाईनं शेणीच्या निखाऱ्यांवर हुरडा भाजला, चोळून त्याच्यापुढे ठेवला. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोनी तुमच्या हाताले नाई, मनाले चांगलं म्हनून राह्यलं," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. नत्थुजीनं चार दाणे तोंडात टाकले. बाकीचे ताटात ठेवून तो उठला. दुसऱ्याचं चांगलं बघून जळणं त्याच्या सवयीचं होतं, पण इथे ज्याचं चांगलं झालं होतं तो माणूस तो स्वतःच होता, आणि तो माणूस खोटा होता.

दुसऱ्या दिवशी तो तडक तिच्या शेतावर जाणार होता, पण ती उस्तादाकडेच भेटली. बाण तासून घ्यायला मुक्कामी राहिली होती. नत्थुजी ओसरीची पायरीसुद्धा चढला नाही. खालूनच बोलला.

"म्या ते बिघडवाले केलं होतं. मोडावी म्हनून. मदत नव्हती."

रस्त्यानं कापसाच्या गाड्या जात होत्या, त्यांची चाकं ऐकू येत होती.

तानुबाई उठली. तिचा आवाज चढला नाही, पण हातातला बाण तिनं इतका आवळला होता की मोडेल असं वाटलं. "माह्यी ज्वारी गेली असती, भाऊ. वर्षाची भाकर. डुक्करं तुमच्या घरी चाकं खायले नसते आले." तिनं कमान उचलली, बाण उचलले आणि निघून गेली.

नत्थुजी म्हाताऱ्याला म्हणाला, "उस्ताद, तुमची शाबास वापस घ्या."

इनायतुल्ला म्हणाला, "शाबास कामाले दिली होती, ते काम तसंच हाय. तुले दिली नव्हतीच, असं समज. आता जा."

त्या वर्षी तानुबाईची ज्वारी खळ्यात आली. तिच्या गाडीचं चाक निसटलं तेव्हा तिनं ते शेजारच्या वाढयाकडे टाकलं आणि नत्थुजीच्या दारावरूनच नेलं. नत्थुजी बघत राहिला. जळायचा हक्कही आपण घालवून बसलो, असं त्याला वाटलं; जळणं मात्र थांबलं नाही.

पुढच्या वर्षी ती दूरची लढाई संपली आणि कापसाचा भाव धाडकन पडला. गाड्या दारात उभ्या राहायच्या बंद झाल्या. पावसाळ्यात इनायतुल्ला गेला. जाताना आढ्यावरची दांडकी त्यानं दोघांत वाटली आणि तलवारीच्या पात्याचा तो तुकडा तानुबाईला दिला. हे कळलं त्या दिवशी नत्थुजीच्या अंगाचा असा तिळपापड झाला, की माणिकबाईनं त्याला जेवायला हाकसुद्धा मारली नाही.

मग मोकळ्या दिवसांत तो कमान करायला बसला. चौथी. साध्या विळ्यानं, आठवड्यातून थोडी थोडी. पाठ खडबडीत राहिली, गाठ वर आलेली राहिली. ती दिसली की त्याचा हात शिवशिवायचा आणि तो उठून अंगणात फेरी मारून यायचा. ज्वारी पुन्हा निसवली तोवर कमान झाली. मोडली नाही. पण चांगली झाली की वाईट, हे सांगणारा अंगठा आता सगळ्या अचलपुरात उरला नव्हता. एकच होता, तो डोंगराच्या पायथ्याशी.

जायचं नाही म्हणत त्यानं चार दिवस काढले. पाचव्या दिवशी कमान खांद्याला लावून निघाला.

तानुबाई बांधावर उभी होती. या म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही. तिनं कमान घेतली, पाठीवरच्या गाठीवर क्षणभर बोट ठेवलं, मग पोटाच्या बाजूनं वरून खालपर्यंत अंगठा फिरवला. म्हातारा फिरवायचा तसाच.

"खालचा हात जड हाय," ती म्हणाली.

नत्थुजीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हिनं, एकच कमान केलेल्या बाईनं, त्याला सांगावं! तो तोंड उघडणार होता. मग त्यानं स्वतः अंगठा लावून पाहिला. खालचा हात जड होता.

तानुबाईनं कमरेला खोचलेलं उस्तादाचं पातं काढलं आणि त्याच्या पुढ्यात टाकलं. नत्थुजीनं ते उचललं, मांडी घालून बांधावरच बसला.

"तुमी शाबास म्हनसान तवाच उठीन," तो म्हणाला.

"मंग भाकर बांधून आनाची होती," तानुबाई म्हणाली, आणि डुकरं हाकलायला पलीकडच्या बांधाकडे निघून गेली.